बारवेतलं हिरवं

बाई भिंतीशी बोलतात ही बातमी मला कॉलेजात रुजू होण्याआधीच मिळाली होती. मुलाखतीसाठी नायगावहून लातूरला आले, तेव्हा शिपायाने पाण्याचा ग्लास हातात देत सांगितलं, "बॉटनीत आलाव नव्हं? मग मागच्या भिंतीपाशी एक बाई दिसतील. भिऊ नका. त्या तशाच हायेत."

दिसल्याही. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, इरकली नेसलेल्या, भिंतीला जवळजवळ नाक लावून उभ्या. हातात डोळ्यांत औषध घालायची काचेची नळी. तिच्यातून त्यांनी भिंतीवरच्या एका काळ्या पोपड्यावर दोन थेंब सोडले आणि भिंगातून बघत म्हणाल्या, "ऊठ. ऊठ की."

मान न वळवता त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. जळक्या सुतळीच्या तुकड्यांसारखं काहीतरी वाळून पडलं होतं, आणि ते हलत होतं. पीळ सुटत होते. एकेक पान उलगडून काचेसारखं हिरवं होत होतं.

"मॉस आहे," मी म्हणाले.

"ते शिपायाला पण मालूम हाय. कुठलं?"

मला सांगता आलं नाही. माझं शिक्षण पिकांच्या रोगांवरचं होतं. शेवाळी वनस्पतींचा हा गट मी परीक्षेपुरता वाचला होता आणि परीक्षेनंतर विसरले होते. बाईंनी भिंग परत घेतलं. "उघडलं म्हणून जिवंत हाय असं समजू नको," त्या म्हणाल्या. "मेलेलं पण उघडतं. नवा फुटवा आला तर जगलं म्हणायचं."

विद्यार्थी 'मॅडम' म्हणाले की त्या मागे वळून दुसरं कुणी आलंय का ते बघायच्या. म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. माहेर उदगीरचं, लिंगायत घर, कापडाचं दुकान. सासर लातूरचं, त्यांच्या यजमानांची अडत होती. गळ्यात कायम दोन दोरे असायचे, एका दोऱ्यात लिंग आणि दुसऱ्यात भिंग. प्रयोगशाळेत आम्ही सगळे भिंग खणात ठेवून घरी जायचो. बाईंना कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दोन्ही उतरवून ठेवायच्या वस्तू न्हाईत."

पहिली काही वर्षं मी त्यांच्याच घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिले. त्यामुळे त्यांचे यजमानही मला चांगले ठाऊक झाले. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. ऐसपैस माणूस, दुकानात पांढऱ्या गादीवर बसलेले. बायकोच्या छंदाबद्दल कुणी खोचक बोललं की सांगायचे, "आमच्या मालाला भाव असतो, म्हणून आमच्यात भांडणं. हिच्या मालाला भावच न्हाई. घर शांत हाय." पण रविवारी बाईंना कुठल्या गावाला जायचं असलं की जुनी जीप स्वतः काढायचे, आणि बाई दगडाशी वाकलेल्या असताना झाडाखाली पंचा अंथरून पडून राहायचे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. उस्मानाबादहून एकेक कचेरी येत होती, भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या लागत होत्या, आणि पाट्यांचा रंग वाळायच्या आत साहेबांच्या बदल्या होत होत्या. कॉलेजातही सगळीकडे जुना जिल्हा खोडून नवा लिहायचं काम चाललं होतं. प्राचार्यांनी बाईंना त्यांच्या नमुन्यांच्या पाकिटांवर 'जिल्हा लातूर' असं करून घ्यायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे उपटलं तेव्हा ती जागा उस्मानाबादेत होती. आता तिथनं परत उपटून आणू का?" पाकिटं तशीच राहिली.

त्याच सुमारास एक मंत्री कॉलेजला भेट देणार म्हणून सगळ्या इमारतीला चुना द्यायचं ठरलं. रंगारी मागच्या भिंतीशी आले तर बाई आडव्या उभ्या. भांडण नाही, आवाज नाही. नुसत्या उभ्या. रंगारी दुपारपर्यंत विड्या ओढत बसले आणि मग प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि परत गेले. मंत्री आले तेव्हा पांढऱ्याशुभ्र इमारतीची ती एकच बाजू काळीहिरवी होती. त्यांनी हे काय म्हणून विचारलंच. प्राचार्य म्हणाले, "ते बॉटनीचं आहे, साहेब." मंत्र्यांनी मान डोलावली.

बाईंचं शिकवणं मात्र मुलांना आवडायचं. पोरंपोरी खेड्यांतून आलेली. त्यांना पुस्तकी शब्द जड जायचे, बाईंची भाषा जायची नाही. "ह्याच्यात नळ न्हाई, टाकी न्हाई," बाई फळ्यावर चित्र काढत सांगायच्या. "मोठ्या झाडाला मूळ असतं, खोडात नळ्या असतात, कुठलं पाणी कुठं चढवतं ते. ह्याला त्यातलं काहीच न्हाई. जे अंगावर पडंल ते अंगानंच प्यायचं. न्हाई पडलं तर वाळून पडून राहायचं."

मग फलनावर यायच्या. "ह्यांच्या नवरदेवाला घोडं न्हाई, वरात न्हाई. नवरीपर्यंत पोहत जावं लागतं. दवाचा थेंब मिळाला तर लगीन, न्हाई तर न्हाई."

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाई थांबल्या. हसणं संपल्यावर म्हणाल्या, "आता सांगा, यंदा ह्यांची किती लगनं लागली असतील?" त्या वर्षी पाऊस गेला होता. मुलांच्या गावांतली लग्नंसुद्धा पाण्यावाचून पुढे ढकलली होती.

सहल दरवर्षी एकाच ठिकाणी, इस्लापूरच्या पुढे सहस्रकुंडाला. मुलं रात्रभर एसटीत गाणी म्हणत यायची ती धबधबा बघायला. तिथे पोचल्यावर बाई सगळ्यांना धबधब्याकडे पाठ करून एका काळ्या खडकासमोर बसवायच्या. मागे पाणी गर्जतंय, अंगावर तुषार उडतायत आणि पोरं चार बोटांएवढ्या हिरव्या तुकड्यात डोकं घालून बसली आहेत. एकदा एक मुलगा धीर करून म्हणाला, "बाई, धबधबा मागं हाय."

"मालूम हाय," बाई म्हणाल्या. "तो पाठीला लागून राहिलाय की. उभ्यानं दिसतं ते सगळं जग बघतं. तू वाकून बघ."

मुरुडच्या पलीकडे एका गावात जुनी बारव होती. त्या गावी बाई कुणाच्या तरी लग्नाला गेल्या आणि जेवणाची पंगत बसली असताना पायऱ्या उतरून बारवेत गेल्या. खालच्या टप्प्यावर एक रिकामा कोनाडा होता. त्याच्या आतल्या दगडावर त्यांना एक लिव्हरवर्ट सापडलं. पान नाही, देठ नाही. दगडाला चिकटलेली चपटी हिरवी पट्टी, पुढे दोन फाटे फुटलेली, कडेला आणि खालून जांभळट. आपल्या भागात त्यांनी ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. नाव ठरवायचं तर बीजाणू हवेत. त्यांच्यावरची नक्षी पाहिल्याशिवाय जात सांगता येत नाही. आणि ह्याला बीजाणू धरतच नव्हते. दर वर्षी पौषाच्या थंडीत आम्ही जायचो, बाई कोनाड्यात डोकं घालून बघायच्या आणि म्हणायच्या, "बसलीय तशीच." त्यांचा समज असा झाला होता की ही जात अजून कुणी नोंदलेलीच नसावी. हे त्या फक्त मला आणि अप्पांना बोलल्या होत्या. ते बोलताना त्यांचा आवाज उगाच बारीक व्हायचा.

दुष्काळाच्या त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा बारव तळापर्यंत कोरडी होती. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. एका खळग्यात झिरपलेलं पाणी बायका वाटीवाटीने घागरीत भरत होत्या. वरच्या पायऱ्यांवरचं सगळं मॉस जळून काळं पडलेलं. बाईंनी कोनाड्यात डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग त्या पायरीवर बसल्या.

"पोटुशी हाय गं ही," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. पट्टीतून टाचणीएवढ्या देठांवर इवल्या छत्र्या वर आल्या होत्या. छत्र्यांच्या पोटात बीजाणूंच्या कुप्या होत्या, पण त्या अजून कच्च्या होत्या. पिकायला काही आठवडे तरी लागणार होते.

घागर भरून चढणारी एक म्हातारी आमच्याजवळ टेकली. तिने बाईंना दर वर्षी पाहिलेलं होतं. "अव बाई, सारख्या येताव, सारख्या डोकावताव. देव तर कवाच गेला हितला. काय बघून राहिलाव?"

"एक झाड हाय, अव्वा."

म्हातारीने कोनाड्यात पाहिलं. "हे? ह्याला काय फळ येतंय का?"

"यंदा येणार हाय," बाई म्हणाल्या.

काही आठवड्यांनी कुप्या पिकल्या का ते पाहायला आम्ही परत गेलो. बारवेभोवती गाव जमलं होतं. भूजलवाल्यांचं मशीन आलं होतं. बारवेच्या भिंतीत आडवा बोअर मारायचा होता, म्हणजे दगडामागचं पाणी आत उतरेल. कुठल्या बाजूला मारायचा यावर वाद चालला होता. कुणी मारुतीच्या देवळाची बाजू म्हणत होतं, कुणी ओढ्याची. तरुण इंजिनिअर कपाळाचा घाम पुसत सगळ्यांचं ऐकत होते.

बाई पायऱ्या उतरून खाली गेल्या. आधी कोनाड्यात पाहिलं. कुप्या अजून कच्च्याच होत्या. मग हात आत घालून एक लहानसा तुकडा मातीसकट काढला आणि स्टीलच्या डब्यात ठेवला. मग वळून इंजिनिअरला म्हणाल्या, "साहेब, हितं मारा."

"इथं का, मॅडम?"

"ह्याला मूळ न्हाई. लांबनं पाणी ओढून आणायची सोय ह्याच्यात न्हाई. सगळी भिंत जळाली आणि हे हिरवं हाय. म्हणजे ह्या दगडामागं ओल हाय."

इंजिनिअरांनी थोडा विचार केला. "कुठून तरी सुरू करायचंच आहे," ते म्हणाले.

कोनाड्याचे दगड पहारीने काढले. ते हिरवं दगडांबरोबर खाली गाळात पडलं आणि माणसांच्या पायाखाली गेलं. मशीन सुरू झालं. आधी कोरडी भुकटी आली, मग ओली भुकटी, मग चिखल, आणि पुष्कळ वेळाने करंगळीएवढी धार. बायका ओरडल्या. मागच्या वेळची म्हातारी खाली उतरून आली, धारेचं पाणी तिने डोळ्यांना लावलं आणि बाईंच्या पायांवर वाकली. बाई झटकन मागे सरल्या.

परत येताना मी म्हणाले, "बाई, त्यांना थोडे दिवस थांबवता आलं असतं."

"हाव. मला कुणी इचारलं असतं तर मी थांबाच म्हणले असते," बाई म्हणाल्या. "म्हणून इचारायच्या आत सांगून टाकलं."

अप्पांनी मुरुडला जीप थांबवून चहा सांगितला. बाईंनी घेतला नाही.

डब्यातला तुकडा त्यांनी न्हाणीत, मडक्याच्या खापरावर ठेवला. आमच्या बोअरच्या क्षारट पाण्यात तो हळूहळू पिवळा पडला आणि गेला. कुप्या कच्च्याच राहिल्या. बाई कॉलेजात येत होत्या, तास घेत होत्या. पण मागच्या भिंतीशी त्या मला दिसेनाशा झाल्या. नव्या वर्षाचं वेळापत्रक लावताना म्हणाल्या, "मॉस-लिव्हरवर्टचा भाग तू घे." मी तो भाग शिकवला, पण मुलं हसली नाहीत.

इकडे निराळंच सुरू झालं होतं. कॉलेजातल्या बाईंना पाणी दिसतं अशी बातमी मुरुडकडून पसरली. अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर शेतकरी येऊन बसायला लागले. ज्वारी विकायला नाही, बाईंना न्यायला. "मी पाणाडी न्हाई," बाई सांगायच्या. "हाव हाव," ते म्हणायचे, "पर एकदा येऊन बघा." सुरुवातीला बाई चिडल्या. मग एके दिवशी तयार झाल्या, आणि तेव्हापासून रविवार विहिरींचे झाले.

त्या पाणी बघायला जात नव्हत्या हे मला पहिल्याच विहिरीत कळलं. त्या हिरव्या पट्टीच्या शोधात होत्या. पदर खोचून बाई आत उतरायच्या, कपार न कपार बघायच्या आणि वर येऊन प्रामाणिकपणे सांगायच्या, "ओल न्हाई." शेतकरी खिन्न व्हायचे, पण चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. बाई नाही म्हणतात म्हणून त्यांचं नाव आणखीच वाढलं. अप्पा म्हणाले, "सगळ्या पाणाड्यांत ही एकटीच न्हाई म्हणणारी. लोकांचा इश्वास बसणारच."

दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला. त्या हिवाळ्यात निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याने नेलं. चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. गोठ्यात बैल आणि म्हशी होत्या, आणि विहीर आटली होती. बाई खाली उतरल्या. मी आणि तो काठावर उभे होतो. खालून काहीच आवाज येईना. मी हाक मारली तरी उत्तर नाही. शेवटी तो वाकून ओरडला, "हाय का काय, अक्का?"

बाई वर आल्या. हाताला चिखल लागलेला होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"पायरीखालच्या कपारीत ओल हाय," त्या त्याला म्हणाल्या. "पाणी लागंल का ते मला सांगता येत न्हाई. पण मारायचा असंल बोअर तर तिथंच मारा." मग जराशा थांबल्या. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "तिथं एक झाड हाय. लई बारीक. त्याला फळ धरलंय. ते पिकस्तोवर, महिनाभर, थांबता का?"

इतक्या वर्षांत त्यांना कुणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं. शेतकऱ्याने विहिरीकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं.

"मशीनचा नंबर लागायलाच महिना जातो की, अक्का," तो म्हणाला. "तवर बघा तुमचं."

एवढंच. जीपमध्ये बसताना बाईंनी दोनदा पाय चुकवला.

त्या महिन्यात दर रविवारी आम्ही निलंग्याला गेलो. शेतकऱ्याने कपारीपुढे बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मशीन यायच्या थोडे दिवस आधी छत्र्यांखालच्या कुप्या काळपट झाल्या. बाईंनी काही कागदाच्या पुडीत उतरवून घेतल्या, बाकीच्या तिथेच राहू दिल्या. पुढे त्या बोअरला पाणी लागलं. विहीर भरली नाही, पण जनावरं उन्हाळा काढतील एवढं मिळालं.

पुडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई तास संपल्यावर प्रयोगशाळेत बसल्या. काचपट्टीवर कुपी फोडली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी मुलांच्या वह्या तपासत समोर बसले होते. वह्या संपल्या तरी त्यांनी डोळा काढला नाही. मग मला खूण केली. मी पाहिलं. तपकिरी गोल दाणे, त्यांच्यावर मधाच्या पोळ्यासारखी उठावदार जाळी. बाईंनी कपाटातलं जाड पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. पानं उलटत त्या एका चित्रापाशी आल्या आणि बोट ठेवलं. तीच जाळी. तीच जांभळट कड. खाली लिहिलेलं होतं की ही जात दक्षिणेत बहुतेक सगळीकडे, घाटांत, जुन्या भिंतींवर, ओढ्याकाठी विपुल मिळते. आमच्या कोरड्या मुलखात ती क्वचित, एवढाच काय तो फरक.

नवी जात नव्हतीच. "बाई, वाईट झालं," असं काहीतरी मी म्हणाले.

"वाईट?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही बोलले होते. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "अगं, वर्षभर मला वाटून राहिलं होतं, जगातली शेवटची होती ती, आणि मीच तिच्यावर मशीन घालायला लावलं."

त्या उठल्या आणि तशाच ऑफिसात गेल्या. कॉलेजचा एकुलता एक फोन हेडक्लार्कच्या टेबलावर होता. बाईंनी दुकानाचा नंबर फिरवला. बाई फोनवर नेहमी मोठ्याने बोलायच्या. ऑफिसातली माणसं हातातलं काम थांबवून ऐकू लागली.

"अहो, ऐकताव का? साधीच हाय ती!"

पलीकडून अप्पांनी काय विचारलं ते कळलं नाही.

"हाव, हाव," बाई म्हणाल्या. "लई साधी. कुठं बी मिळती!"